भातलावणीच्या दिवसांत लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिसच्या तापापासून) बाबांना कसं जपू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळजवळ, मी ठाण्यात. लावणीला चार दिवस रजा काढून जातो, बाकी सगळं सत्तरीतले बाबा आणि गडी बघतात. गेल्या पावसात शेजारचे काका लेप्टोने गेले. अंग दुखतंय म्हणून तापाच्या गोळ्या खात घरी बसले. डोळे लाल झाले, तेही म्हणे भिजल्यामुळे. मग लघवीच बंद झाली.

बाबांच्या टाचांच्या भेगांत आठ आण्याचं नाणं बसेल. उंदीर-घुशींच्या मुतातले जंतू तिथूनच शिरतात हे त्यांना पटतं, पण गमबुटाचं नाव काढलं की, "बूट घालून लावणी करूक मी काय सायब?" त्यांचंही खरंच आहे म्हणा. चिखलणी केलेल्या कुणग्यात (भाताच्या खाचरात) पाय वर येतो, बूट तिथेच राहतो. मी घालून पाहिलेत, तोंडावर आपटलो.

लेप्टो होऊ नये म्हणून गावच्या आशाताईंनी (आशा कार्यकर्त्या) डॉक्सीसायक्लिनची गोळी दिलीय, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. पहिल्याच डोसाला पोटात आग पडली, तेव्हापासून पाकीट फळीवर. काय करू? आणि ताप आलाच तर रक्त लगेच तपासायचं का?

प्रतिसाद १
मी आरोग्यसेविका होते. उपाशीपोटी घेतली असणार! पोटभर जेवून, तांब्याभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. तरीही जळजळलं तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद नको. गड्यांनाही द्यायला सांगा, मात्र कोणी बाई गरोदर असेल तर तिला ही गोळी चालत नाही. ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. पहिल्या आठवड्यात अँटीबॉडीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा रिपोर्टची वाट बघत बसू नका. 'चिखलात काम करत होतो' हे डॉक्टरांना आधी सांगा, ते उपचार सुरू करतील.

प्रतिसाद २
भेगांना आतापासून रोज रात्री मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) चोळा. ताज्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. आणि एकट्या उंदरांना दोष देऊ नका, गुरांच्या मुतातूनही लेप्टो पसरतो. गोठ्याचं पाणी कुठे जातं?

धागाकर्ता
थेट खालच्या कुणग्यात! हे डोक्यातच आलं नव्हतं. या शनिवारी जाऊन चर खणून पाणी दुसरीकडे वळवतो. गोळी उपाशीपोटीच घेतली होती, आत्ताच फोन करून विचारलं. मुठेल घरात आहे, त्याच फळीवर.