मदत हवी आहे: ऑटो-ट्यून असलेला आरएफआयडी टॅग भरलेल्या बाटलीवर मान टाकतो

नमस्कार मंडळी,

यूएचएफ आरएफआयडी (रीडर नावाच्या यंत्राने रेडिओ लहरींतून दुरून वाचायचे ओळख-टॅग) आणि अँटेना यांतल्या जाणकारांची मदत हवी आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांवर पॅसिव्ह टॅग लावायचे आहेत. बाटली रिकामी असेल, अर्धी असेल किंवा काठोकाठ भरलेली. टॅग तिन्ही वेळा वाचला गेला पाहिजे. म्हणून मुद्दाम ऑटो-ट्यूनवाली चिप निवडली. टॅगला बॅटरी नाही, जी काही शक्ती मिळते ती रीडरच्या लहरींतून. चिप कपॅसिटिव्ह, अँटेनातला लूप इंडक्टिव्ह, म्हणजे दोघांचा स्वभाव एकमेकांच्या उलट. दोघांनी एकमेकांना खोडून काढलं तर शक्ती चिपपर्यंत पोचते, नाहीतर परत फिरते. पाणी जवळ आलं की हा हिशोब बिघडतो, आणि चिप जागी होतानाच आतले बारीक कपॅसिटर जोडून-तोडून तो पुन्हा जमवू पाहते. इथवर मला कळलं आहे.

रीडर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. चिपने कुठला ट्यूनिंग कोड (आतला किती कपॅसिटन्स जोडला ते सांगणारा आकडा) निवडला ते तिच्या मेमरीतून वाचता येतं, ही मोठीच सोय. बाटलीत थोडं थोडं पाणी ओतत कोड वाचत गेलो. पातळी टॅगच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत कोड मधोमध स्थिर. मग पायरीपायरीने खाली. टॅग जेमतेम निम्मा झाकला गेला तेवढ्यात कोड शून्यावर, म्हणजे सगळ्यात कमी कपॅसिटन्सवर, आणि पुढे बाटली भरेपर्यंत तिथेच. टॅगला जाग यावी म्हणून रीडरची पॉवर मात्र पुढेही वाढवतच न्यावी लागते.

चिपचा आवाका संपला आहे, की पाणीच शक्ती गिळतंय? हे वेगळं कसं ओळखायचं? आणखी एक: रीडर अगदी जवळ नेला की तीच बाटली, तीच जागा, तरी कोड दर वेळी वेगळा येतो. असं का व्हावं?

प्रतिसाद

बहुधा दोन्ही गोष्टी होताहेत.

आधी आवाक्याचं बघू. चिपचा कपॅसिटन्स ढोबळमानाने १ पिकोफॅरड धरा. ८६६ मेगाहर्ट्झला तो खोडायला साधारण ३४ नॅनोहेन्री लागतात. चिपने आतून ०.१ पिकोफॅरड कमी केला तर तो १० टक्के बदल झाला, पण रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला चिप आणि लूप एकमेकांना खोडतात ती) वर्गमुळाने हलतो, म्हणजे ५ टक्के, सुमारे ४३ मेगाहर्ट्झ. युरोपचा ८६५-८६८ आणि अमेरिकेचा ९०२-९२८ हे पट्टे एकाच टॅगने सांभाळायला एवढं पुरतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (जवळचा पदार्थ कपॅसिटन्स किती वाढवतो याचं माप) ८० च्या आसपास, बाटलीच्या प्लास्टिकचा २ ते ३. पातळ भिंतीपलीकडे एवढं पाणी आल्यावर अँटेनाचा रेझोनन्स याहून बराच जास्त खाली घसरू शकतो. कोड शून्याला चिकटतो तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. ऑटो-ट्यून फक्त रिअ‍ॅक्टन्स सुधारतो, म्हणजे चिप आणि लूप यांनी एकमेकांना खोडायचा हिशोब. पाण्यामुळे अँटेनाचा रेझिस्टन्स बदलला, रेडिएशनची कार्यक्षमता पडली, तर कपॅसिटर कितीही फिरवा, ती शक्ती परत येत नाही. इंपिंजच्या मोन्झा आर६ मधला ऑटोट्यून घ्या किंवा एनएक्सपीच्या युकोड ८ मधला सेल्फ-अ‍ॅडजस्ट, ही मर्यादा दोन्हींना आहे.

ओळखायची युक्ती सांगतो. बाटली भरलेलीच ठेवा आणि लूपवर तांब्याच्या टेपची पट्टी आडवी लावून लूप लहान करा. इंडक्टन्स कमी होईल. अँटेना अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून टेप कंडक्टिव्ह गोंदाचीच घ्या. कोड शून्यावरून उठला आणि जाग येण्याची पॉवरही उतरली, तर दोष रिअ‍ॅक्टन्सचा होता. कोड उठला पण पॉवर तिथेच, तर शक्ती पाण्यात जातेय.

दुसरा प्रतिसाद

जवळच्या वाचनाबद्दल. चिप कोड शोधते कसा? एकेक कपॅसिटर जोडून कुठे जास्त शक्ती मिळते ते बघते. रीडर जवळ असला की शक्ती इतकी जास्त होते की चिपला वाचवणारा लिमिटर व्होल्टेज दाबून धरतो. मग चार-पाच कोड तिला सारखेच दिसतात. शिखराच्या जागी पठार होतं आणि ती त्यातला कुठलाही उचलते. त्या अंतरावर शक्ती उदंड असल्याने वाचन अडत नाही, पण तो कोड मोजमापासाठी निरुपयोगी. टॅग जेमतेम जागा होतो त्याहून एक-दोन डीबीच (डेसिबल, शक्तीच्या प्रमाणाचं माप) वर पॉवर ठेवा आणि मगच कोड टिपा. आरएफमायक्रॉनने काढलेल्या मॅग्नस चिप तर हाच कोड ओलावा मोजायला वापरतात, त्यामुळे तिथे ही काळजी घ्यावीच लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! पॉवर कमी ठेवल्यावर कोडचं भटकणं थांबलं. टेपही लावून पाहिली: भरलेल्या बाटलीवर कोड शून्यावरून उठला, जागी होण्याची पॉवर सुमारे २ डीबीने उतरली. पण रिकाम्या बाटलीच्या मानाने अजूनही बरीच जास्त लागते, म्हणजे उरलेली शक्ती पाणीच घेतंय. आणि आता रिकाम्या बाटलीवर कोड वरच्या टोकाच्या जवळ सरकला आहे. फोमची पट्टी मध्ये घालायचा विचार आहे. आधी फोम की आधी लूपचं माप?

प्रतिसाद

आधी फोम. पाणी काही मिलिमीटर लांब गेलं की शोषण कमी होतं आणि रिकाम्या-भरलेल्यातला फरकही आक्रसतो, त्यामुळे आत्ता ठरवलेलं लूपचं माप पुन्हा चुकेल. फोमची जाडी पक्की करा, मग लूप असा कापा की रिकामी आणि भरलेली बाटली कोडच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर राहतील. ३ डीबी गमावले तर रेंज ७० टक्क्यांवर येते, ६ डीबी गमावले तर निम्म्यावर, तेव्हा फोमची जाडी या हिशोबाने ठरवा. बाटलीत खारं पाणी जाणार असेल तर चाचणी त्याच पाण्याने घ्या. ते साध्या पाण्यापेक्षा बरंच जास्त शोषतं.