कलावस्तूंमधील सेंद्रिय पदार्थांचे विश्लेषण : एमएस्सीनंतर हा मार्ग धरावा का?

धागाकर्ती : नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एमएस्सी करत आहे. बहुतेक सहाध्यायी औषधकंपन्यांकडे वळत आहेत. मला मात्र जुन्या कलावस्तूंतील तेल, राळ, डिंक, लाख यांच्या विश्लेषणात संशोधन करावेसे वाटते. आमच्या मंगळवार पेठेतील घरी पणजोबांचे तैलचित्र आहे. त्यावरचे वार्निश इतके पिवळे पडले आहे की फेट्याचा मूळ रंग कोणता, यावर घरात दोन तट आहेत. या क्षेत्रात रोजचे काम नेमके काय असते आणि त्यावर पोट भरते का?

प्रतिसाद १ : मी संवर्धन-प्रयोगशाळेत काम करतो. नमुना मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो आणि तो आधीच तडा गेलेल्या कडेवरूनच घेतात. तेलातील आम्लांचे मिथाइल एस्टर, म्हणजे सहज वाफ होणारी रूपे, करून ते गॅस क्रोमॅटोग्राफीतून (वाफेच्या रूपात घटक सुटे करणाऱ्या पद्धतीने) वेगळे करतात व मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने, ओळखतात. तेल जुने होताना तयार होणारे अ‍ॅझेलिक आम्ल भरपूर आढळले, तर वाळणारे, म्हणजे हवेत घट्ट होणारे, तेल वापरल्याचा अंदाज येतो. पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचे गुणोत्तर जवसाच्या तेलात कमी, तर खसखशीच्या तेलात जास्त असते; त्यावरून तेल कोणते ते ओळखतात. मात्र पामिटिक आम्ल कालांतराने उडून जात असल्यामुळे या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. खरी कसोटी यंत्रापाशी नसून वस्तूवर नंतर कोणी काय लावले, हे शोधण्यात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला. आपले सुतार फ्रेंच पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये भिजवतात, तीच ही चपडी लाख. पुढे ती पिवळी पडली, आणि जुनी लाख स्पिरिटमध्येही सहजी विरघळत नाही. त्यामुळे ती काढणे हेच पुढच्या पिढ्यांचे काम होऊन बसले.

प्रतिसाद २ : पोटापाण्याचे स्पष्ट सांगतो : जागा मोजक्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा देहरादूनला आहे, लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. म्हणून आधी रसायनशास्त्रातच भक्कम पीएचडी करावी, म्हणजे दुसरी दारेही उघडी राहतात.

प्रतिसाद ३ : मी चित्रकार आहे, रसायनातले मला फारसे कळत नाही. परंतु आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर या चित्रकारांच्या या कोल्हापुरात जुन्या चित्रकारांच्या घरी माळ्यावर रंगाच्या वाळलेल्या नळ्या अजून सापडतात. तुलनेसाठी त्या मागून घ्या. आणि तूर्त त्या तैलचित्रावर कोणालाही स्पिरिटचा बोळा फिरवू देऊ नका.

धागाकर्ती : सर्वांचे आभार. बोळा नाही, पण गेल्या दिवाळीत काकांनी डाव्या खालच्या कोपऱ्यावर कापलेला बटाटा घासला होता.

प्रतिसाद १ : तारखेसह लिहून ठेवा. नाहीतर उद्या त्या कोपऱ्यातल्या नमुन्यात स्टार्च सापडेल आणि चित्रकाराने खळ वापरली होती, असा निष्कर्ष कोणीतरी काढील. नमुना उजव्या कडेचा घ्या.