स्वनिधीचा हप्ता आणि पावसाळ्याचे चार महिने

सुरंगी
मालवण बंदरावर मासे विकणाऱ्या दोघींच्या वतीने विचारते आहे. दोघींचं पीएम स्वनिधीचं, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं, दुसऱ्या टप्प्याचं कर्ज आहे. रक्कम २०,००० रुपये, मुदत १८ महिने, व्याज १२ टक्के, हप्ता १,२२०. दर महिन्याच्या ५ तारखेला बचत खात्यातून आपोआप कापला जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. नंतरही दर्या खवळलेला असला की लिलावात माल कमी, भाव चढे आणि एक पाटी भरायलाही भांडवल पुरत नाही. सुक्या मासळीवर घर कसंबसं चालतं, हप्ता निघत नाही.

पहिलीचे हप्ते नियमित आहेत. तिला यंदा ऑक्टोबरपासूनच पुढच्या पावसाळ्याची सोय करून ठेवायची आहे. आगाऊ भरलं तर चालतं का?
दुसरीचे जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते थकलेत. आज १८ ऑगस्ट. हातात जेमतेम दीड हजार, आणि गणपती तोंडावर. तिने काय करावं?

हिशेबनीस
आधी दुसरीचं बघू, कारण तिच्याकडे दिवस मोजके आहेत.

सुरंगीताई, बँक थकबाकीचे दिवस सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजते. तिचा जुना हप्ता ५ जूनचा. त्याला ९० दिवस ३ सप्टेंबरला होतात. त्या दिवशी बँकेचा दिवसअखेरीचा हिशेब झाला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं. तिथून परत नियमित व्हायला एखादा हप्ता भरून भागत नाही. थकलेलं सगळं मुद्दल आणि व्याज एकदम भरावं लागतं. त्यामुळे आत्ताचे दीड हजार हे पुढच्या महिन्यातल्या पाच हजारांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

तिने तीनही हप्ते भरायची वाट बघू नये. ३ सप्टेंबरच्या आत जूनचा एक हप्ता पूर्ण फेडावा. मग सगळ्यात जुना हप्ता ५ जुलैचा उरतो आणि त्याचे ९० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात. हा महिना मोलाचा आहे. स्वनिधीची ७ टक्के व्याज सवलत तिमाहीने मिळते आणि ३० जून, ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर, ३१ मार्च या तारखांना खातं एनपीए नसेल तरच ती धरली जाते. एका हप्त्यावर ती ३० सप्टेंबर ओलांडते. पुढे ३ ऑक्टोबरच्या आत जुलैचा एक हप्ता, मग ऑगस्टचा. थकबाकी लगेच संपणार नाही, पण खातं वाचेल. नवीन हंगामात एकेका महिन्याला दोन हप्ते भरून ती मागची कसर काढू शकते.

आता पैसे कुठे भरायचे. बचत खात्यात भरू नका. तीन वेळा हप्ता परत गेला असेल तर त्याचे दंड आणि त्यावरचा जीएसटी तिथे वाट बघत असतात. दीड हजार टाकले की आधी ते कापले जातात आणि हप्त्याला कमी पडतं. दहा रुपये जरी कमी पडले तरी जूनचा हप्ता थकलेलाच राहतो. काउंटरवर कर्ज खात्याचा नंबर देऊन विचारायचं, "सगळ्यात जुना हप्ता पूर्ण फिटायला आज किती भरू?" आकडा स्लिपवर लिहून घ्यायचा, तेवढीच रोकड थेट कर्ज खात्यात भरायची, शिक्क्याची पावती घ्यायची. दोन दिवसांनी कर्ज खात्याचा उतारा मागून जूनची नोंद फिटलेली दिसते का ते बघायचं.

खाडीकाठ
पहिलीच्या प्रश्नाला माझं उत्तर: आगाऊ भरण्यात एक खाच आहे आणि तिथेच बरेच जण फसतात.

मे महिन्यात पाच हजार जास्तीचे भरले तर बँक बहुधा ते मुद्दलातून वजा करते. मुदत कमी होते, व्याजही वाचतं, पण ५ जूनचा हप्ता आहे तसाच उभा राहतो. तो कापायला खात्यात पैसे नसले की परत जातो, दंड बसतो. माणूस म्हणतो, "मी तर आगाऊ भरलेत." बँकेच्या लेखी ते हप्ते नाहीत. शाखेत लेखी अर्ज देऊन 'आगाऊ हप्ते म्हणून जमा करावे' असं मान्य करून घेता आलं तर उत्तम. नाहीतर पैसे आपल्याच खात्यात ठेवावे.

हिशेब असा. जून ते सप्टेंबर चार हप्ते, ४,८८० रुपये. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत वाटले तर महिन्याला ६१०. म्हणजे हंगामात दरमहा १,२२० अधिक ६१०, एकूण १,८३०. महिन्याला २६ दिवस धंदा धरला तर रोजचे सत्तर रुपये. सत्तर रोज निघतात, एकदम १,२२० निघत नाहीत.

त्यासाठी पिग्मी, म्हणजे एजंट रोज येऊन घेऊन जातो ती ठेव, लावायला हरकत नाही, पण एजंटला दोन प्रश्न आधी विचारा: मुदतीआधी मोडली तर किती कापता, आणि मे अखेर पैसे हातात मिळतील का? पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नसतं, हेही लक्षात असू द्या. मला जिल्हा बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतली आवर्ती ठेव जास्त सुरक्षित वाटते.

४ तारखेच्या संध्याकाळी खात्यात हप्त्याएवढे पैसे हवेत. ५ ला सकाळी भरून उशीर होऊ शकतो. आणि लाडकी बहीणचे पैसे हप्त्यात धरू नका. ते आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, जे कर्जाचं खातं असेलच असं नाही, शिवाय येण्याची तारीख ठरलेली नाही.

सुरंगी
खूप आभार दोघांचे. दुसरीला एक जण दहा हजार द्यायला तयार आहे, नऊ हजार हातात आणि रोज शंभर, शंभर दिवस. त्यातून थकबाकी एकदम मिटेल असं ती म्हणते. आणि तिची सवलत तरी किती असते?

हिशेबनीस
ते पैसे घेऊ देऊ नका ताई. नऊ हजारांवर शंभर दिवसांत हजार रुपये, तेही रोज फेडत. सरासरी देणं साडेचार हजारच राहतं. वर्षाचा दर ऐंशी टक्क्यांच्या घरात जातो. बारा टक्क्यांचं कर्ज मिटवायला ऐंशीचं काढायचं, आणि पहिल्याच दिवसापासून रोज शंभर, जेव्हा पाटीत मासे नाहीत. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते.

सवलत पूर्ण मुदतीत साधारण १,१४० रुपये बसते, म्हणजे जवळजवळ एक हप्ता. पहिल्या तिमाहीला ३३० च्या आसपास, मग मुद्दल उतरेल तशी कमी होत जाते. खात्यात थेट जमा होते. खातं नियमित असूनही आली नसेल तर शाखेत लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, माहितीसाठी १४४४८. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येत असतील तर तेही त्याच तक्रारीत लिहा.

आंबोलीवाट
एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. कर्ज कधी उचलायचं हे किती उचलायचं याइतकंच महत्त्वाचं आहे. १८ महिन्यांचं कर्ज मे महिन्यात घेतलं तर पहिलाच हप्ता जूनमध्ये येतो आणि मुदतीत दोन पावसाळे लागतात. तेच ऑक्टोबरमध्ये घेतलं तर नोव्हेंबर ते पुढच्या-पुढच्या एप्रिलपर्यंत एकच पावसाळा. मासे विकणाऱ्यांसाठी हा फरक चार हप्त्यांचा आहे. ५०,००० चा तिसरा टप्पा ३६ महिन्यांचा असतो, १२ टक्क्यांनी हप्ता १,६६१ येतो आणि तो कधीही घेतला तरी तीन पावसाळे चुकत नाहीत. तो घेण्याआधी चार महिन्यांचे हप्ते, ६,६४४ रुपये, बाजूला ठेवता येतील का ते बघा. नसतील तर मोठी रक्कम मंजूर होत असली तरी कमीच मागा. सगळी घेतलीच पाहिजे असं नाही.