रेनार्टचं डच काव्य: भाषांतर म्हणायचं की स्वतंत्र?

हेगकर: रविवारी हुल्स्टला जाऊन आलो, तिथे रेनार्ट कोल्ह्याचं स्मारक आहे, म्हणून घरी येऊन 'फान देन फोस रेनार्दे' इंग्रजीतून वाचून काढलं. 13व्या शतकातलं काव्य, साडेतीन हजाराच्या आसपास ओळी. पण हे 'रोमान द रनार' या फ्रेंच कोल्हेगोष्टींवरून घेतलंय म्हणतात, मग डच लोक एवढं डोक्यावर का घेतात? आणि सिंहाचा दरबार, लबाड कोल्हा, हे आपल्या पंचतंत्रातून तिकडे गेलंय का?

पोथीवाली: घेतलंय हे कवी लपवतच नाही हो. विलेम नावाचा माणूस, 'मादोक' लिहिणारा (ते पुस्तक हरवलं), पहिल्याच ओळींत सांगतो की रेनार्टच्या गोष्टी डचमध्ये अर्धवट राहिल्या म्हणून फ्रेंच पुस्तकं शोधली. रेनार्टवरचा खटला, त्याच्याकडे समन्स घेऊन गेलेलं अस्वल, मग मांजर, हे सगळं फ्रेंचमधलं. पण फाशीच्या दोराखाली उभा राहून रेनार्ट क्रीकेपुटला पुरलेल्या खजिन्याची जी थाप मारतो ना, ती विलेमची. राजा नोबेल आणि राणी दोघंही पाघळतात, लालची कुठले! फ्रेंचमधला ससा जखमी होऊन निसटतो, इथे रेनार्ट त्याला घरी नेऊन मारतो, बायकापोरांसोबत बसून खातो आणि मुंडकं पिशवीत घालून मेंढ्याच्या गळ्यात अडकवतो, वर सांगतो की आत पत्र आहे आणि मजकूर तूच सुचवलास असं राजाला सांग. मेंढा दरबारात जाऊन ते फुशारकीने सांगतो. मला हसू आलं आणि लगेच कसंतरीच झालं. याला नुसतं भाषांतर कसं म्हणणार?

दमनकाचा_चुलता: पंचतंत्राचं मी तरी ठामपणे म्हणणार नाही. कापुआच्या जॉनने केलेलं त्या गोष्टींचं लॅटिन भाषांतर 13व्या शतकाच्या उत्तरार्धातलं, आणि रनारच्या जुन्या फ्रेंच गोष्टी त्याआधीच्या, 12व्या शतकातल्या, त्याच्याही आधी लांडग्या-कोल्ह्यावरचं लॅटिन 'इसेंग्रिमस' होतंच. तोंडातोंडी काही गेलं असेल तर कोण जाणे. पण अस्वल मधाच्या लोभाने चिरलेल्या ओंडक्यात डोकं घालतं आणि रेनार्ट पाचर काढून घेतो, तिथे मला पाचर उपटणारं माकडच आठवलं बुवा. फरक एवढाच की आपलं माकड स्वतःच्या हाताने अडकतं.

माळरान: एक बारीकशी कुरकुर, पंचतंत्रातले करटक-दमनक कोल्हे आहेत पण रेनार्ट म्हणजे खरं तर खोकड! मराठीत सगळ्यांना कोल्हाच करून टाकतात.

हेगकर: खोकड 😄 बरोबर आहे. पोथीवाली, तो मेंढ्याचा भाग काल परत वाचला. मुंडकं बघून राजा शेवटी काय करतो तर मेंढा आणि त्याची सगळी जात अस्वल-लांडग्याला भरपाई म्हणून देऊन टाकतो, आणि तोवर खरा चोर बायकोपोरांना घेऊन पसार.