मदत हवी आहे: वर्गात अजिबात मान मिळत नाही

रातराणी: सात महिने झाले भाषा शिकवतेय, रात्र रात्र जागून तयारी करते, पण मी बोलत असते आणि मागे गप्पा चालूच. काल तर एकाने मोबाइल बघून भर वर्गात सांगितलं की मॅडम तुम्ही चुकीचं शिकवताय. फार लागलं मनाला. उद्या परत तोच वर्ग आहे, लवकर सांगा.

पिंपळपान: कुठली भाषा? मुलं किती वर्षांची? आणि चूक खरंच होती का?

खडूफळा: पहिल्या दिवसापासून धाक हवा. बावीस वर्षं शिकवलं, कुणाची मान वर करायची हिंमत नव्हती. आधी मोबाइल जमा करून घ्या.

पिंपळपान: सर, भाषेच्या तासाला पोरं घाबरून गप्प बसली तर बोलायला कधी शिकणार?

खडूफळा: आणि पाठांतर कोण करून घेणार?

रातराणी: अहो मुलं नाहीत, नोकरी करणारी मोठी माणसं आहेत, जर्मनची ए२ ची, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीची बॅच. मी फळ्यावर 'डेअर ब्लॉग' लिहिलं, म्हणजे ब्लॉग शब्द पुल्लिंगी, तो म्हणाला 'दास ब्लॉग', म्हणजे नपुंसकलिंगी. मी म्हटलं, मी सांगते तेच लिहा.

निळीशाई: अगं दोन्ही बरोबर आहे! डूडन शब्दकोश बघ, 'दास' आहे आणि 'डेअर'ही चालतं. उद्या आल्या आल्या तेच पान सगळ्यांना दाखव, त्याचं नाव घेऊन सांग की तुझं बरोबर होतं, मी कालच बघायला हवं होतं. ही माणसं ऑफिसात दिवसभर हुशार म्हणून वावरतात आणि तुझ्यासमोर साधं वाक्य जुळवताना अडखळतात, त्यात कुणी गप्प केलं की मन उडतं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबत जा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक, त्यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबायचे, ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब यायला लागली. परक्या भाषेत तर वेळ लागणारच.

चांदणवेल: मलाही जर्मन शिकायचंय, ॲप बरं की क्लास?

खडूफळा: चूक कबूल केली की डोक्यावर बसतात.

निळीशाई: माझ्या वर्गात कुणी नाही बसलं सर, उलट शंका विचारायला लागले.

रातराणी: बरं, पण मागच्या गप्पांचं काय?

पिंपळपान: गप्पा नेमक्या कधी सुरू होतात?

रातराणी: व्याकरण समजावताना. चाळीसेक मिनिटं मीच बोलते.

पिंपळपान: मग उद्या दहा मिनिटांत आटप आणि जोड्या करून त्यांनाच बोलायला लाव. कसं झालं ते इथेच लिही.