डिसेंबरअखेर मेक्सिकोत आठ दिवस नुसतं लोळायचंय – प्वेर्तो एस्कोंदिदोबद्दल मदत हवी आहे

गुडघाभर_पाणी:
नमस्कार मंडळी, मी डलासला असते. सांगलीच्या कॉलेजातले आम्ही सहा जण पंचेचाळिशीला टेकलोय, पाच जण अमेरिकेत पाच दिशांना आणि सहावा पुण्याहून येतोय (त्याच्याकडे दहा वर्षांचा बी-वन बी-टू, म्हणजे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे त्यामुळे त्याचं टेन्शन नाही). २६ डिसेंबर ते २ जानेवारी ओआहाका राज्यातल्या प्वेर्तो एस्कोंदिदोला जायचं चाललंय.

आधीच सांगते, 'त्यापेक्षा कानकुनला जा' असं कृपया कुणी लिहू नका. जाऊन आलोय. मनगटाला पट्टा बांधून आठवडाभर एकाच आवारात, बुफेची लाईन, आणि सकाळी सहाला उठून पूलशेजारच्या खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरायची, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं. सुट्टी संपवून आलो तेव्हा सगळे दमलेले. त्यामुळे यंदा नियम असा की दिवसाला एकच काम, ते पण झालं तर झालं. पम्याने तरी एक्सेल शीट बनवलंच आहे, त्यात सकाळी साडेपाचला 'सूर्योदय' असा कॉलम आहे, त्याला ग्रुपवर सगळ्यांनी मिळून धुतलंय.

रिंकोनादा भागात एक घर बघून ठेवलंय, वर गच्चीत हॅमॉक आहेत, खाली कारिसालिल्यो बीच. पण तिथे उतरायला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत म्हणतात आणि आमच्यात एकीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. शिवाय पोहणारे म्हणाल तर दोघंच, कृष्णेत शिकलेले, बाकी आम्ही माझ्या आयडीप्रमाणे. सिकातेला बीचचे व्हिडिओ बघितले तर लाटा दुमजली घराएवढ्या, त्याला मेक्सिकन पाइपलाइन म्हणतात असं कळलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. डिसेंबरात पण असंच असतं का? साधं पाण्यात बसता येईल असं काही आहे का तिकडे?

दुसरं म्हणजे शिल्पा. पक्की शाकाहारी, अंडंही नाही. मेक्सिकन म्हणजे बीन्स-राईस, त्यात काय एवढं, असं मी म्हणाले तर पम्या म्हणतो की बीन्समध्ये पण डुकराची चरबी असते. तिला घाबरवायला सांगतोय की खरंच?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्या एच-वन-बीवर (अमेरिकेचा कामाचा व्हिसा) आहे, पासपोर्टातला व्हिसाचा स्टॅम्प मार्चमध्ये संपला, नवीन आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आलेला आहे. त्याचा मित्र म्हणतो मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं की स्टॅम्प लागत नाही. बाकी आमची ग्रीन कार्डं आहेत. कुणाला अनुभव?

स्टॅम्पपीडित:
ताई, पक्याला आधी थांबवा. मित्र सांगतोय ते अर्धंच खरं आहे. ती तीस दिवसांची सवलत *अमेरिकेत परत येताना* आहे, आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) व्हॅलिड पाहिजे आणि तिकडे असताना नव्या अमेरिकन व्हिसाचा अर्ज करायचा नाही. पण मेक्सिकोत *शिरायला* भारतीय पासपोर्टवर व्हॅलिड अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड लागतं, संपलेला स्टॅम्प तिथे चालत नाही. म्हणजे त्याला मेक्सिकोचाच व्हिसा काढावा लागणार, त्यांच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट आजच बघायला सांगा. मला चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवलं होतं, बायको-मुलं पुढे गेली आणि मी घरी येऊन चार दिवस मॅगी खाल्ली.

खाडीपलीकडे:
सिकातेलाच्या खऱ्या मोठ्या लाटा उन्हाळ्या-पावसाळ्यात, डिसेंबरात त्यामानाने शांत, पण तरी तिथे पोहायचं नाही म्हणजे नाही, पाणी आत ओढतं. वाळूत बसून बघायचं. तुमच्यासाठी मांसानिल्यो आणि प्वेर्तो आंगेलितो, दोन्ही छोट्या खाड्या आहेत, लहान पोरं डुंबत असतात. टॅक्सीने जा, गुडघेवाल्या ताईंनाही जमेल.

पम्याला एकच काम द्या, कालनिर्णय बघायचं. जवळच मान्यालतेपेक नावाचं लगून (समुद्रालगतचं तळं) आहे, रात्री पाण्यात हात घातला की निळसर उजेड उठतो, बोटांमधून ठिणग्या गळतायत असं वाटतं. पण चांदणं असलं तर काही दिसत नाही. अमावास्येच्या आसपास उत्तम, कृष्णपक्ष असेल तर चंद्र उगवायच्या आत जाऊन या.

आणि बाकोचो बीचवर संध्याकाळी कासवाची पिल्लं सोडतात. आपल्या वेळासला येतं तेच ऑलिव्ह रिडले. पिल्लू हातात देत नाहीत, करवंटीत देतात, तिरकी धरायची आणि ते आपलं आपण निघतं. एक पिल्लू उलट्या दिशेला आमच्या चपलांकडेच निघालं होतं, आमचे हे त्याला 'अरे तिकडे, तिकडे' म्हणून मराठीतून दिशा सांगत होते. ओआहाकाच्या याच किनारपट्टीवर पूर्वी कासवांचा कत्तलखाना होता, १९९० मध्ये मेक्सिकोने कासवं मारायला बंदी घातली.

टोमॅटोभात:
पम्या खरं बोलतोय. चरबीला मान्तेका म्हणतात, बीन्सला तीच फोडणी समजा. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तिकडची त्लायुदा, म्हणजे मोठ्या भाकरीएवढी कडक तोर्तिया, तिच्यावर खाली आसिएन्तो फासतात, ते पण डुकराचंच. शिल्पाताईंनी 'सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन आसिएन्तो' (मांस नको, चरबी नको, आसिएन्तो नको) घोकून जायचं. मग केसिल्योची (दोऱ्यासारखं सुटणारं चीज) केसादिया, निवडुंगाची भाजी, अव्होकाडो, मजेत जगता येतं. संत्र्यावर लाल मीठ भुरभुरलेलं दिसलं तर विचारा, त्यात वाळवलेल्या अळ्या असतात. आणि कुरकुरीत चिवड्यासारखं काही समोर आलं तर ते टोळ आहेत.

ओआहाका शहरातून येणार असाल तर २०२४ पासून नवा हायवे झालाय, व्हॅनने अडीच-तीन तास. पूर्वी सहा-सात तास नुसती वळणं होती, मी तो रस्ता प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बघितलाय.

गुडघाभर_पाणी:
किती ते उपकार! पक्याला फोन केला, तो आधी माझ्यावरच चिडला, मग दहा मिनिटांनी 'अपॉइंटमेंट टाकलीय' असा मेसेज. पम्या कालनिर्णय घेऊन बसलाय आणि आता त्याच्या शीटमध्ये 'चंद्रोदय' असाही कॉलम आलाय. शिल्पाने फक्त टोळ एवढंच वाचलं आणि मेतकुटाची पुडी बॅगेत टाकणार म्हणतेय. मेक्सिकोचे कस्टमवाले मेतकूट बघून काही म्हणतात का, कुणी नेलंय?