आकाशातून पडणाऱ्या विजेला मराठीत वेगळे नाव आहे का?

प्रश्न (देगलूर, जि. नांदेड)

सर्वांना नमस्कार. गेल्या वैशाखात अवकाळी पाऊस सुरू असताना आमच्या थोरल्या बंधूंचा लिंबाखाली बांधलेला बैल वीज पडून दगावला. मदतीच्या अर्जात आम्ही ‘विजेमुळे बैल मयत’ एवढेच लिहिले होते. ‘वीज आभाळातली की तारेवरची?’ असा शेरा मारून संबंधित कार्यालयाने कागद परत पाठवला, कारण पहिली नैसर्गिक आपत्ती ठरते आणि दुसरीची दाद वीज कंपनीकडे मागावी लागते. त्या एका शब्दापायी दीड महिना गेला. आमचा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून असल्याने तेलुगू रोज कानावर पडते. बाजारातल्या एका तेलुगू व्यापाऱ्याला ही हकिगत सांगितली, तेव्हा तो म्हणाला की त्यांच्याकडे असा घोटाळा होणारच नाही: आभाळात चमकतो तो ‘मेरुपु’, गडगडतो तो ‘उरुमु’ आणि जमिनीवर येऊन जीव घेतो तो ‘पिडुगु’. मराठीत पडणाऱ्या विजेला असे स्वतंत्र नाव होते आणि आपण ते विसरलो, की ते कधी नव्हतेच? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (परभणी, निवृत्त मराठी शिक्षक)

आपल्या बंधूंचे नुकसान वाचून वाईट वाटले. पेरणीच्या तोंडावर बैल जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

संस्कृत ‘विद्युत्’, त्यापासून प्राकृत ‘विज्जु’ आणि त्यापासून आपली ‘वीज’. हिंदीतली ‘बिजली’ आणि गुजरातीतली ‘वीजळी’ याच कुळातल्या. मूळ धातू ‘द्युत्’ म्हणजे चमकणे, म्हणून या शब्दाचा अंगभूत अर्थ फक्त चमक एवढाच आहे. पडणे, जाळणे, मारणे हे त्यात मुळात नाही. संस्कृतने हा भेद नीट सांभाळला होता. अमरकोशात विद्युत्, तडित्, सौदामनी, क्षणप्रभा, चञ्चला, चपला ही चमकणाऱ्या विजेची नावे दिग्वर्गात येतात, तर वज्र, कुलिश, दम्भोलि, अशनि ही आघात करणाऱ्या शस्त्राची नावे स्वर्गवर्गात, इंद्राच्या परिवारात येतात. म्हणजे जे दिसते आणि जे आदळते, त्यांची घरेच निराळी होती. मराठीत दुसऱ्या घरातले शब्द ‘वज्राघात’ अशा समासांत आणि कवितेत तेवढे उरले. बांधावर उभे राहून ‘अशनि पडला’ असे कोणी म्हणत नाही.

तरीही मराठीने हा भेद सोडला असे मी मानत नाही. तो नामातून निघाला आणि क्रियापदात जाऊन बसला. वीज लवते, चमकते, कडाडते, पडते, कोसळते. तारेतली वीज मात्र जाते, येते, खंडित होते, ती कधी पडत नाही. ‘वीज पडली’ या दोन शब्दांत ‘पिडुगु’चा संपूर्ण अर्थ आला. आपल्या अर्जात ‘विजेमुळे’ असे लिहिल्याने क्रियापद गळाले आणि त्याबरोबर भेदही गेला. सरकारी मराठीला क्रियापद टाळून नामांवर वाक्य उभे करण्याची सवय लागली आहे, आणि आपणही अर्ज लिहिताना तिचेच अनुकरण करतो, याची मला फार खंत वाटते.

उत्तर २ (उदगीर, जि. लातूर)

सरांचे म्हणणे पटले. आमच्या आजोळी कन्नड बोलतात; तिथेही चमकणारा ‘मिंचु’, गडगडाट म्हणजे ‘गुडुगु’ आणि कोसळणारा ‘सिडिलु’ असे तीन शब्द आहेत. तुर्कीतही चमकणाऱ्या विजेला ‘शिमशेक’ आणि पडणाऱ्या विजेला ‘यिल्दिरिम’ म्हणतात. बायझीद या उस्मानी सुलतानाला त्याच्या झपाट्यामुळे ‘यिल्दिरिम’ हे बिरुद मिळाले होते. उलट फारसीत ‘बर्क’ हा मूळचा अरबी शब्द आभाळातल्या आणि तारेतल्या अशा दोन्ही विजांना चालतो, म्हणजे मराठी याबाबत एकटी नाही.

अरबीत मात्र तारेतल्या विजेचे नाव ‘कहरबा’ आहे. ते फारसी ‘काहरुबा’वरून, म्हणजे गवताची काडी ओढून घेणारा, यावरून आले. हाच आपला तृणमणी, म्हणजे झाडाचा चीक घट्ट होऊन बनलेला अंबर नावाचा खडा! इंग्रजीतल्या ‘इलेक्ट्रिसिटी’च्या मुळाशीही ‘इलेक्ट्रॉन’ हे तृणमण्याचे ग्रीक नाव आहे, कारण तो घासला की हलक्या वस्तू ओढतो. विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये त्यावरून लॅटिन शब्द घडवला. आभाळातली वीज आणि घासण्यातून उपजणारी ही शक्ती एकच आहे, हे फ्रँकलिनने सुचवलेल्या प्रयोगातून १७५२ मध्ये सिद्ध झाले. मराठीच्या एका शब्दात ते ऐक्य आपोआप आले, हे मला मोलाचे वाटते.

उत्तर ३ (औसा, जि. लातूर)

बोलीतले थोडे सांगते. आमच्याकडे ‘वीज’ नव्हे, ‘ईज’ म्हणतात, जसे विळ्याला ‘इळा’ आणि विस्तवाला ‘इस्तू’. रोहिणीत आभाळ भरून आले की आजी ओसरीवरून हाक मारायची, ‘इजा चमकायल्यात, बैलं झाडाखालून सोडा!’ या अनेकवचनाचा उच्चार दुखापतीच्या ‘इजा’ या अरबी मूळच्या शब्दासारखाच होतो, त्यामुळे लहानपणी मला तो एकच शब्द वाटायचा. चमक दिसली की ती बोटे मोजू लागे आणि कडकडाट तीन बोटांच्या आत आला तर कोणालाही उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात, हे मी पुढे शाळेत शिकले.

आजीने तारेतल्या विजेला मात्र कधी ‘ईज’ म्हटले नाही, ती ‘लाईट’च. ‘लाईट गेली’ आणि ‘ईज पडली’ यांत तिचा गोंधळ होणे शक्यच नव्हते. दादा, अर्ज पुन्हा द्यायचा असेल तर झाड कोणते, वेळ कोणती आणि जवळपास तार नव्हती, हेही पंचनाम्यात लिहून घ्या.

प्रश्नकर्ता

सर, ताई, आपल्या सर्वांचा आभारी आहे. आज नवा अर्ज लिहिला: ‘दुपारी चारच्या सुमारास शेतातील लिंबाच्या झाडावर आकाशातून वीज पडून झाडाखाली बांधलेला एक बैल जागीच मेला, शेतात विजेची तार किंवा खांब नाही.’ बंधूंनी तो दोनदा वाचून घेतला आणि खाली अंगठा न लावता, नुकतीच शिकलेली सही केली.